योगे, तुझं वर्ष खेळापायी नाही गेलं

योगे, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या टाइम ऑफिसात दुसऱ्या शिफ्टची हजेरी बघत होते. पलीकडे तुझी वर्षा होती. रडण्यात तिचं बोलणं कळत नव्हतं, "ताई गेली" एवढंच काय ते कळलं. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, योगिताला मी सगळं सांगून टाकलं होतं. तुझी धाकटी बहीण फोनवर हुंदके देतेय आणि मला हायसं वाटतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भारते, मी मेले तरी तुला तुझंच पडलंय." म्हण बाई. खोटं कुठे आहे?

रडू मागाहून आलं. घरी जाताना राखोलीच्या पुलावर स्कूटी कडेला घेतली आणि हेल्मेट न काढताच रडून घेतलं. मागून येणारा टेम्पोवाला "ओ बेन, साईड में" म्हणून ओरडून गेला. मी त्याला दोन शिव्या हासडल्या, त्याही तुझ्याकडूनच शिकलेल्या. मग जरा बरं वाटलं आणि मी घरी गेले.

आज तुझा दहावा झाला. चार दिवसांच्या तापात धडधाकट माणूस जातं, हे अजून माझ्या गळी उतरत नाही. पण त्याचं रडगाणं इथे गात नाही. तुझी जन्मतारीख, तुझं शिक्षण, तुझी नोकरी, हे सगळं तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी परवा शोकसभेत कागदावरून वाचून दाखवलं. "अत्यंत शांत आणि मनमिळाऊ स्वभाव," असं म्हणाल्या. तू आणि शांत. मागच्या बाकावर तुझ्या टीममधल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला हसू दाबायला ओढणी तोंडाला लावावी लागली. लोकांना वाटलं मी रडतेय.

आपलं कॉलेज तरी केवढं होतं गं. दोन मजले, एक जिना आणि पुढे मुरमाचं ग्राउंड. आर्ट्सच्या तिन्ही वर्षांची मिळून पोरं एका एसटीत मावली असती. इकॉनॉमिक्सचे सर शिकवायचे हिंदीत, रंगात आले की गुजरातीत, पुस्तक इंग्रजीत, आणि आपण दोघी वहीत लिहायचो मराठीत. संध्याकाळी ग्राउंड मुलांचं, सुटीच्या दिवशी कंपन्यांच्या क्रिकेटवाल्यांचं. मुलींच्या व्हॉलीबॉलला वेळ मिळाली ती दहा ते साडेअकरा, म्हणजे नेमका आपल्या इकॉनॉमिक्सचा तास. अख्ख्या टीममध्ये इकॉनॉमिक्स घेतलेल्या आपण दोघीच. तेव्हा तोड तूच काढलीस. एक दिवस तू तासाला बसायचंस आणि मी खेळायचं, दुसऱ्या दिवशी मी बसायचं आणि तू खेळायचंस. जी बसेल तिनं दोघींसाठी लिहायचं. वही एकच.

सरांना सगळं ठाऊक होतं. दारातून जी आत येईल तिच्याकडे चष्म्यावरून बघत विचारायचे, "आजे कोनो वारो छे?" आज कोणाची पाळी? आणि आपण आपलं नाव सांगायचो. तुझ्या दिवसाची पानं वाचायला मजा यायची. सरांचे विनोदसुद्धा तू उतरवून घ्यायचीस आणि खाली लिहायचीस, 'इथे कोणी हसलं नाही.' त्या विनोदांच्या आधारानं मला मागणी-पुरवठा पाठ झाला. इतक्या वर्षांत हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

तुला खेळायला पाठवलं ते काकांनी, तुझ्या वडलांनी. चाळीतल्या बायकांनी ट्रॅकपँटवरून नाकं मुरडली. धुळ्याहून तुझ्या आत्यांचा फोन आला, की आई नसलेल्या पोरीला ग्राउंडवर काय नाचवता. मी त्या दिवशी तुमच्या सामरवरणीच्या खोलीत बसलेली होते. काका बारा तासांची शिफ्ट करून आलेले, कपड्यांना प्लॅस्टिकचा वास. त्यांनी आत्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पोरगी खेळेल बी आणि शिकेल बी. जबाबदारी माझी." फोन ठेवून तुला म्हणाले, "आता माझं नाक तुझ्या हातात." तू म्हणालीस, "नाक राहू द्या, बाम द्या. खांदा दुखतोय." आपण तिघं केवढ्यानं हसलो होतो तेव्हा.

आपली भांडणंही काय कमी होती का? दमणच्या मॅचमधला तुझा तो शेवटचा स्मॅश. तू म्हणायचीस लाइनवर पडला, मी म्हणायचे वीतभर बाहेर. गेल्या दिवाळीलासुद्धा चकली खाता खाता आपण त्यावरून हमरीतुमरीवर आलो होतो. बाहेरच होता, योगे. तू आता उलट बोलू शकत नाहीस म्हणून म्हणते असं नाही, तेव्हाही मी हेच म्हणत होते.

आता खरं ते लिहिते. तुला ठाऊक आहे, पण आज पुन्हा एकदा सांगावं लागलं आणि ते कसं लागलं ते तुला कळायला हवं.

शेवटच्या वर्षी तुझी आपल्या प्रदेशाच्या टीममध्ये निवड झाली आणि तू तीन आठवडे कॅम्पला गेलीस. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणालीस, "रोज बस हं. आता तुझ्यावरच आहे." पहिले दोन दिवस मी बसलेसुद्धा. मग कोच म्हणाले, योगिता नाही, तर उडी मारून सर्व्हिस कोण करणार? भारती, तू जमवतेस का? झालं. तू होतीस तोवर माझ्याकडे बघतं कोण होतं? तासाला दांडी मारून मी रोज दहाच्या ठोक्याला ग्राउंडवर. वहीचं काय करायचं, तर एका सीनियर मुलीची आदल्या वर्षीची वही आणली आणि घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवली. पानापानावर तारखा टाकल्या. तुला संशय नको म्हणून सरांच्या नावावर एक विनोदही घातला, माझ्या मनचा.

पेपरच्या दोन दिवस आधी वर्गातल्या एका मुलाकडून कळलं, की शेवटचं युनिट यंदा बदललंय. सीनियरच्या वहीत होत्या पंचवार्षिक योजना आणि सरांनी शिकवला होता परदेशी व्यापार. मी त्याच्याकडून गाइड मागून घेतलं आणि दोन दिवस घोकलं. तू पेपरच्या आदल्या दुपारी आलीस, खांद्याला पट्टी, उन्हानं रापलेली, आणि दारातच हात पुढे केलास, "वही?" मी वही दिली. गाइड माझ्या दप्तरात होतं. ते दिलं असतं तर तू विचारलं असतंस, की मग वहीतलं हे कुठून आलं, आणि मी तासाला नव्हते हे सांगावं लागलं असतं. एका युनिटनं काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

मी पास झाले. तू चार मार्कांनी राहिलीस.

सर हळहळले, कॅम्पमुळे झालं म्हणाले. चाळ म्हणाली, आम्ही म्हटलंच होतं. आत्या म्हणाल्या, बघ भाऊ. काकांनी पुढच्या आठवड्यात वर्षाचं नाव शाळेच्या टीममधून काढून घेतलं. तुझं बीपीएड करून खेळाची शिक्षिका व्हायचं ठरलेलं, ते वर्षभर पुढे गेलं. ते वर्ष तू राखोलीच्या सुताच्या कंपनीत पॅकिंगला काढलंस. मला त्याच रस्त्यावर टाइम ऑफिसात नोकरी लागलेली. सकाळी तुमची बस माझ्या थांब्यावरून जायची आणि तू खिडकीतून हात हलवायचीस. मीही हलवायचे. लोकांच्या हजेरीवर नजर ठेवायला बसवलं कोणाला, तर मला.

पुढच्या खेपेला तू पास झालीस, बीपीएड केलंस, वासोण्याच्या बाजूला शाळेत लागलीस, पाड्यावरच्या पोरींची टीम उभी केलीस. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं, आता कशाला उकरायचं. अकरा वर्षं तोंडाला कुलूप.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो शनिवार. दुपारी तुझ्या शाळेत आले तर ग्राउंडवर नेट उतरवून ठेवलेलं आणि खांबाशी तुझी ती उंच सविता पुस्तक घेऊन बसलेली, डोळे लाल. तू म्हणालीस, "परीक्षेच्या आधी महिनाभर खेळ बंद. माझा नियम आहे." आणि सविताला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मी खेळापायी वर्ष घालवलंय. ही घालवणार नाही." सविता खाली बघत म्हणाली, "बाई, खेळ बंद झाला की मला लवकर घरी जावं लागतं. घरी गेलं की पोरं सांभाळायची. अभ्यास इथेच होत होता." तू तिच्यावर डाफरलीस, "बाई कोण आहे, तू की मी?" ती पुस्तक उचलून गेली.

माझी एक वही कुठवर पोचली होती बघ. काकांच्या घरातून निघून ती पाड्यावरच्या पोरीपर्यंत आली होती आणि अजून थांबायला तयार नव्हती. तिथेच शाळेच्या पायरीवर मी तुला सांगितलं. तू भुईमुगाच्या शेंगा सोलत होतीस. हात थांबले.

"तुला पेपरच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"आणि गाइड?"

"दप्तरात होतं."

तू टरफलं कागदात गुंडाळलीस, माझं हेल्मेट माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "जा."

नऊ दिवस तू फोन उचलला नाहीस. दहाव्या दिवशी शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर उभी. आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला तुझा! "सटवे, वर्षभर बारा बारा तास उभी राहून मी खोकी भरली. माझा बाप चाळीतून मान खाली घालून चालत होता. माझी बहीण खेळायची राहिली ती राहिलीच. आणि तू थांब्यावरून मला हात करायचीस? लाज नाही वाटली तुला?" सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला. शिफ्टची माणसं डबे हातात घेऊन ऐकत होती. मी, जिला कोणी अरे म्हटलं तर कारे केल्याशिवाय राहवत नाही, ती खाली मान घालून उभी होते. बोलून बोलून तुझा घसा बसला. सिक्युरिटीवाल्यानंच तुला पाणी दिलं. ते पिऊन म्हणालीस, "दर शनिवारी यायचं. माझ्या पोरींचा अभ्यास तू घ्यायचास. एक जरी शनिवार बुडाला तर याच गेटवर परत येईन." मी म्हटलं, "चहा घेशील?" म्हणालीस, "घेईन. बोलणार मात्र नाही." आणि चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलत बसलीस.

माफ केलं असं तू कधी म्हणाली नाहीस. त्याचे मी फार उपकार मानते, योगे. "जाऊ दे गं, झालं गेलं" म्हणून तू डोळे पुसले असतेस तर मी जन्मभर कुढत राहिले असते. तू मला सगळ्यांदेखत झोडपलंस आणि कामाला जुंपलंस. त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

नेट पुन्हा बांधलं गेलं. परीक्षेच्या महिन्यातही. एक तास खेळ, एक तास अभ्यास, आणि ज्या पोरीनं धडा वाचला नसेल तिनं बाहेर उभं राहून स्कोर सांगायचा, हा तुझा नवा नियम. सविता आता कॉलेजात आहे, तुझ्या दहाव्याला येऊन गेली.

त्या शनिवारांमध्ये आपलं एक नवं भांडण सुरू झालं आणि तेही अर्धवट राहिलं. तू म्हणायचीस, "शेवटी खेळापायीच गेलं ना गं? तू सर्व्हिस मारत होतीस म्हणून तर तासाला नव्हतीस." मी म्हणायचे, "तास बुडवला तो खेळापायी. वही दिली ती मी खोटारडी म्हणून." तू म्हणायचीस, "वकील व्हायला हवं होतंस." मी म्हणायचे, "तुझ्या वह्या मिळत राहिल्या असत्या तर झालेही असते." मग पोरी ओरडायच्या, बाई, भांडण नंतर करा, आम्हाला प्रश्न विचारा.

एक मात्र मला कधी कळलं नाही, ते आज कळलं.

सकाळी दमणगंगेवरचं सगळं उरकून आम्ही सामरवरणीला घरी आलो. सतरंजीवर बसलो होतो. वर्षाची खुशी, सहावीतली, एक फॉर्म घेऊन आली. तुझ्या शाळेतल्या सुटीतल्या व्हॉलीबॉल शिबिराचा, तूच भरून ठेवलेला. आईच्या सहीची जागा तेवढी रिकामी. आत्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "काही नको व माय. तुझ्या मावशीचं अख्खं वर्ष गेलं खेळापायी. त्यापायी सगळंच लांबलं तिचं." वर्षा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताईनं दोनदा विचारलं होतं मला, खुशीला पाठव म्हणून. मी म्हटलं, तुझंच वर्ष गेलं ना? तर गप्प बसली."

तीन वर्षं मी समजत होते, की तू घरी सांगितलं असशील. काका दिवाळीला फराळाचा डबा द्यायचे तेव्हा मला वाटायचं, केवढं मोठं मन या माणसाचं. आणि तू एका शब्दानं बोलली नव्हतीस. सख्ख्या भाचीसाठी भांडताना हुकमाचा पत्ता तुझ्या हातात होता आणि तू तो टाकला नाहीस. का गं? मला वाचवायला? की मी कधीतरी स्वतःहून तोंड उघडीन म्हणून वाट बघत होतीस? आता मला सोयीचं उत्तर मी धरू शकते, पण मी तुला ओळखते. तू वाट बघत होतीस.

मी उठून उभी राहिले. बसल्या जागी बोलायचा धीर नव्हता. म्हटलं, "आत्या, ते वर्ष खेळापायी नाही गेलं. माझ्यामुळे गेलं." आणि सगळं सांगितलं. बुडवलेले तास, सीनियरची वही, दप्तरातलं गाइड, काहीच गाळलं नाही. वर्षानं माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही. तिचं माझं भांडण अजून व्हायचंय आणि ते झालंच पाहिजे.

काका भिंतीला टेकून बसले होते. तू गेल्यापासून ते कोणाशी धड बोलले नव्हते, रडलेही नव्हते. मला म्हणाले, "इकडे ये." मी जाऊन पुढ्यात बसले.

"तू चुकली, भारती."

"हो काका."

"भलतीच चुकली."

"हो."

हाकलतील असं वाटलं आणि हाकललं असतं तर मी मुकाट्यानं गेले असते. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"म्हणजे मी नव्हतो चुकलो," काका म्हणाले. "मी पोरीला खेळू दिलं, ते नव्हतं चुकलं."

"नाही काका. अजिबात नाही."

चौदा वर्षं, योगे. तू पॅकिंगला गेलीस, मी गप्प बसले, आपण एकमेकींचे हिशोब करत बसलो, आणि हा माणूस रोज कामावर जाता-येता स्वतःला दोष देत होता. आपल्या दोघींच्याही ते डोक्यात आलं नाही. त्यांनी आत्यांपुढे हात केला. आत्यांनी फॉर्म दिला. तो त्यांनी मांडीवर ठेवून हातानं सारखा केला, वर्षापुढे धरला आणि म्हणाले, "कर सही." वर्षानं केली.

मग काका रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.